डाव्या हाताची कात्री, उजव्या हाताचं दुखणं

मित्रांनो, मी एक कात्री आहे. जुनी म्हणालात तरी मला राग येणार नाही, पण बोथट म्हणू नका. मी शिंप्याची कात्री आहे, कोट कापणारी, लांब पात्यांची आणि वजनाला चांगली जड. माझा एक दोष आधीच सांगून टाकते. मला स्वस्थ बसवत नाही. पाती मिटून ठेवली की चैन पडत नाही, आणि उघडी ठेवली तर समोर कापड का नाही म्हणून जीव वरखाली होतो. तेव्हा माझी गोष्ट जरा घाईघाईत सांगितली गेली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. मला घडवून घेणारे कटिंग मास्तर डावखुरे होते. ते स्वतः भट्टीपाशी आले, ओल्या मातीच्या गोळ्यात डाव्या हाताची मूठ दाबून तो गोळा त्यांनी लोहाराला दिला आणि म्हणाले, "या हातात बसली पाहिजे." लोहारानं मला तशीच घडवली. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, पण कात्रीलासुद्धा डावं-उजवं असतं. बाजारातल्या कात्रीचं वरचं पातं उजवीकडे असतं, माझं डावीकडे आहे. डाव्या हातानं दाबलं की माझी पाती एकमेकांना चिकटून सरकतात. उजव्या हातानं दाबलं तर तीच फाकतात, आणि कापड कापलं जायच्याऐवजी मधे दुमडून अडकतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

मास्तरांच्या हातात मी तीस वर्षं चालले. चालले कसली, धावले! रस्त्याच्या खिडकीला लागून आमचं लांबलचक टेबल होतं. त्याच्या एका टोकाला कापडाचे गठ्ठे, दुसऱ्या टोकाला खडू, टेप आणि मी. मागे दोन शिलाई मशीन. त्यातल्या एकावर बसणाऱ्या माणसाला सगळे काका म्हणत. मास्तर खडूनं रेघ मारायचे आणि मी त्या रेघेवरून एका दमात खांद्यापासून घेरापर्यंत जायची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "वा मास्तर, काय बसलाय कोट!" मास्तर माझ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हिला सांगा." त्या दिवशी मी आणखीच भरभर चालायची.

आमच्या दुकानात एक नियम होता. दुसऱ्याच्या कात्रीला हात लावायचा नाही. कात्रीला एका हाताचं वळण पडतं, परका हात लागला की ते मोडतं, असं मास्तर मानायचे. टेबलाच्या कडेला त्यांची मुलगी बसलेली असे. ती काजं करायची, धावदोरा घालायची, आणि बापाचा हात कसा वळतो ते टक लावून बघायची. एकदा तिनं हळूच माझ्या मुठीत बोट घातलं. मास्तरांनी टेपचं टोक तिच्या हातावर मारलं.

"अंहं! आधी नजर तयार कर. कात्री मग."

नजर तयार झाली. पण "मग" यायच्या आतच एका सकाळी मास्तर दुकानात आले नाहीत, ते कायमचेच. काही दिवसांनी त्यांच्या बायकोनं, म्हणजे मुलीच्या आईनं, मला फ्लॅनेलच्या तुकड्यातून सोडवलं आणि लेकीच्या हातात ठेवलं. "घे. आता ही तुझी," आई म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

लेकीनं मला उजव्या हातात धरलं. ती उजवखुरी होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला किती ओरडावंसं वाटलं! अगं, मी या हाताची नाही! पण कात्रीच्या तोंडून निघून निघून काय निघणार? कच्च. पहिलंच कापड माझ्या पात्यांत दुमडून अडकलं. ती बिचारी ओशाळली. तिला वाटलं, चूक आपल्या हाताची आहे. बाबांची कात्री एवढी सहज कशी वश होईल, हाताला वळण लागायला वेळ लागणारच, असं तिनं मनाशी धरलं आणि हट्टाला पेटली. अंगठा तळव्याकडे ओढायचा, बोटं उलट बाजूला रेटायची, मनगट करंगळीकडे वाकवायचं, आणि वरच्या पात्यानं रेघ झाकली जाते म्हणून मान पुढे काढून पलीकडून बघायचं. असल्या कसरतीनं तिनं मला चालवायला सुरुवात केली. आणि चालवलं, हो! बापाच्या तोडीचे कोट तिच्या हातून निघायला लागले. दुकानातले लोक तिला ताई म्हणू लागले. अशी सात वर्षं गेली.

तुम्ही विचाराल, सात वर्षांत कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? अहो, नियम होता ना! तिनं दुसऱ्या कुणाची कात्री कधी हातात धरली नाही, आणि तिच्या कात्रीला कुणी बोट लावलं नाही. काकांची नजर आपल्या सुईवरून हलत नसे. धार लावणारा माणूस मला ओळखून होता, पण त्याला वाटलं, बाप डावखुरा तशी लेकही असेल. त्यानं तिला कापताना कधी पाहिलं नव्हतं. एकटी मीच जाणत होते, आणि मी आपली कच्च कच्च करत होते.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. पहिलं वर्षभर मी तळमळले, पण नंतर माझी तळमळ कमी झाली. मला काम मिळत होतं. टेबलावर रोज नवं कापड येत होतं. तिचा हात ओढला जातोय हे मला मुठीतून कळायचं, तरी मी मनात म्हणायची, चाललंय ना, मग चालू दे.

मग शाळेच्या वाद्यपथकाच्या चाळीस कोटांचं काम आलं. जाडजूड लोकरी कापड. तिसऱ्या कोटाच्या पाठीला तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिनं मला खाली ठेवलं, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, आणि पुन्हा उचललं. दहाव्या कोटाला मनगटावर सूज दिसू लागली. संध्याकाळी चहाचा भरलेला कप तिच्या हातातून सुटला.

"काम जास्त झालंय, दुसरं काही नाही," आई म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पण सूज सकाळी आणखी फुगलेली असायची. मग मलम आलं. सगळ्या दुकानाला त्याचा वास. काकांनी आपल्या मनगटातलं तांब्याचं कडं काढून दिलं.

"माझा गुडघा यानंच बरा झाला," काका म्हणाले.

"काका, गुडघा बरा व्हायला कडं हातात?"

"तू घाल तर खरं!"

तिनं घातलं. हातावर हिरवट डाग पडला, दुखणं जागच्या जागी. एका गिऱ्हाइकानं लोहचुंबकाचा पट्टा आणून दिला, त्यानं टेबलावरच्या टाचण्या तेवढ्या गोळा झाल्या. मग कुणीतरी मालिशवाल्याचं नाव सुचवलं. त्यानं "शीर चढलीय, उतरवतो" म्हणत तिचा अंगठा असा पिळला की ती दोन दिवस पेन्सिलसुद्धा धरू शकली नाही. त्यानंतर सुया टोचून उपचार करणाऱ्या एका शांत बाई मिळाल्या. त्यांच्या हातगुणानं चार-पाच दिवस खरंच आराम पडला. पण आराम पडला की ताई काय करायची? मला उचलायची. मी आनंदानं जायची. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं मी स्वतः पाहिलं. मास्तरांची सवय तिनंही उचलली होती. कात्री दुकानात एकटी सोडायची नाही. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ती मला पिशवीतून जिथे तिथे नेत असे. म्हणून डॉक्टरांचं बोलणंही मी पिशवीतून ऐकलं.

डॉक्टरांनी तिला अंगठा मुठीत मिटायला सांगितलं आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवायला लावली. ताई खुर्चीतून उठलीच.

"स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते. तिला कंडरा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटाशी एका अरुंद नळीतून जातात. तिथे सूज आलीय. प्रत्येक हालचालीला दोरी घासतेय. पट्टा देतो, अंगठा हलू देऊ नका. बर्फ लावा, कपड्यात गुंडाळून. जेवणानंतर गोळ्या. आणि विश्रांती."

"किती दिवस?"

"तीन आठवडे तरी."

"आणि कोट?"

"कोट मला विचारू नका, मला हाताचं विचारा."

तीन आठवडे! ती दिवसातून दहादा टेबलापाशी यायची. कापड सरळ करायची, पुन्हा घडी घालायची, खिडकी उघडायची, बंद करायची. हातावर हात ठेवून बसायची तिला सवय नव्हती, मला तर मुळीच नव्हती. चौथ्या दिवशी तिनं इकडेतिकडे बघितलं, दातांनी पट्ट्याची चिकटपट्टी सोडली आणि एक बाही कापली. "एकच," ती स्वतःशी म्हणाली. मग दुसरीही कापली. काकांचं पाऊल वाजलं की पट्टा पुन्हा हातावर. मित्रांनो, खरं सांगते, पट्टा सुटल्याचा चर्र आवाज आला की माझ्या पात्यांना हुरूप चढायचा. मी तिच्याइतकीच चोरटी झाले होते.

सूज हटेना, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आणि काय सांगू! आठवड्याभरात दुखणं पळालं. ताई गाणं गुणगुणायला लागली. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" काकांनी आपलं कडं परत मागून घेतलं. ताईनं राहिलेल्या कोटांचा सपाटा लावला, दिवसाला दोन-दोन. आठवडा गेला. पंचविसाव्या कोटाची कॉलर कापताना तिचा अंगठा माझ्या मुठीतच अडकला. वाकेना, उघडेना. दुसऱ्या हातानं तिनं तो माझ्यातून सोडवून काढला आणि ती टेबलाशी जमिनीवरच बसली.

"हा हात गेला तर दुकान गेलं, आई," ती म्हणाली. "मला दुसरं काय येतं?"

आई तिच्याशेजारी खाली बसली. तिनं लेकीचा हात आपल्या मांडीवर घेतला.

डॉक्टर या खेपेला गंभीर झाले. महिनाभर फिजिओथेरपी करून बघू, नाही जमलं तर छोटं ऑपरेशन करून ती नळी मोकळी करू, असं म्हणाले.

"ऑपरेशननंतर मला कापता येईल?"

"बहुतेक येईल. पण जे करून हात दुखावला, तेच पुन्हा करणार असाल तर मी काय सांगू?"

तेच पुन्हा करणार! त्या रात्री फ्लॅनेलमध्ये माझा डोळा लागला नाही. ते "तेच" म्हणजे मी होते.

फिजिओथेरपीच्या बाई शेजारच्याच गल्लीत बसत. खोली लहानशी, एक पलंग, एक टेबल, भिंतीला टांगलेले रबराचे पट्टे. बाई तरुण होत्या, बोलायला फटकळ. आधी त्यांनी ताईच्या उपचारांची यादी ऐकली. मालिशवाल्याचं ऐकून कपाळाला हात लावला, कड्याचं ऐकून हसल्या, सुयांचं ऐकून म्हणाल्या, "कुणाकुणाला आराम पडतो, मी नाही म्हणत नाही. पण रोज जखमेवर बोट ठेवलं तर औषध तरी काय करणार? तुम्ही कामाला हात कसा लावता ते दाखवा आधी. हत्यार आहे बरोबर?"

ताईनं मला पिशवीतून काढलं. बाईंनी हात पुढे केला. ताईनं मला पटकन छातीशी धरलं.

"आमच्यात कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाहीत."

"बरं. मग तुम्हीच कापा." बाईंनी एक जुनी उशीची खोळ तिच्यापुढे टाकली.

ताईनं दात आवळून चार बोटं कापलं. नेहमीसारखं, मान पुढे काढून, मनगट वाकवून. बाई आधी उभ्या होत्या, मग वाकल्या, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन बघू लागल्या.

"पात्याच्या पलीकडून का बघता?"

"रेघ झाकली जाते ना. सगळ्यांची जाते."

"सगळ्यांची नाही जात," बाई हळूच म्हणाल्या. "माझी जाते. मी डावखुरी आहे. शाळेपासून प्रत्येक कात्रीशी मी अशीच झटापट करत आलेय, अगदी अशीच. ताई, एकदा द्या माझ्याकडे. फक्त एकदा."

ताईची बोटं माझ्यावरून सुटत नव्हती. माझं म्हणाल तर मित्रांनो, मला दोन्ही हवं होतं. दे, म्हणजे तुझा हात सुटेल. नको देऊस, म्हणजे मी सुटणार नाही. माझा जीव जन्मात कधी असा टांगणीला लागला नव्हता.

ताईनं सुस्कारा टाकला आणि मला पुढे केलं. "धरा."

बाईंनी मला डाव्या हातात घेतलं. सात वर्षांनी! त्यांना कापड कापता येत नव्हतं, रेघ सरळ धरता येत नव्हती, पण हात डावा होता. माझी पाती एकमेकांना भिडली आणि मी सुटले. खोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, न अडखळता. मला थांबताच आलं नाही. थांबले तेव्हा कळलं, की आयुष्यातल्या सगळ्यात सुरेख कापणीनं मी माझी स्वतःची नोकरी कापली होती.

"ही डाव्या हाताची कात्री आहे," बाई म्हणाल्या. "तुमचे वडील..."

"डावखुरे होते," ताई म्हणाली. "जेवायचे डाव्यानं, लिहायचे डाव्यानं." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिला रागही आला. "एकदा तरी हातात द्यायची होती ना बाबा! एका दिवसात कळलं असतं."

खरं होतं ते. मास्तरांचं माझ्यावर प्रेम होतं, लेकीवर त्याहून जास्त होतं, पण नियमापुढे त्यांनी दोघींनाही एकमेकींची ओळख होऊ दिली नाही.

त्यानंतर उपचार तेच होते, फक्त आता त्यांच्या मुळावर कुणी उठलेलं नव्हतं. पट्टा, आणि या वेळी खराखुरा, चोरून न सोडलेला. थोडा बर्फ. आधी सावकाश, बेतानं केलेले व्यायाम, मग रबराचा पट्टा ओढायचे. ताईनं उजव्या हाताची हलकी कात्री आणली, आणि ती पहिल्यांदा धरली कुणी? काकांनी!

"मी मशीनवाला माणूस, मला कात्रीचं काय कळतं?" ते मागे सरकले. "आणि तुझी कात्री मी कशी धरू?"

"तो नियम मोडला, काका. मी उभी आहे ना शेजारी. रेघेवरून चला."

राहिलेले कोट काकांनी घाम पुसत पुसत कापले. शाळेला आठ दिवस उशिरा मिळाले, शाळेनं थोडी कुरकुर केली आणि मुलांनी ते घालून वाजवलं. ऑपरेशनची गरज पडली नाही. तीन महिन्यांनी ताई पुन्हा टेबलाशी उभी राहिली. मी टेबलाच्या टोकाला होते. तिनं नव्या कात्रीनं कोटाची पाठ कापली, मान न वाकवता, सरळ उभी राहून. मी कान देऊन होते. "आई गं" आलं नाही. मला बरं वाटलं, आणि मत्सरानं माझी पातीही जळली. दोन्ही एकदम झालं, काय लपवायचं?

ती मला भिंतीवर टांगेल, आल्यागेल्याला दाखवेल, असं मला वाटलं होतं. तिनं तसं केलं नाही. "पडून पडून ही झुरेल," ती आईला म्हणाली. तिनं मला धार लावून घेतली, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेऊन दिलं. बाई कोट शिवत नाहीत. त्या दुखऱ्या खांद्या-गुडघ्यांना लावायच्या चिकट पट्ट्या कापतात. कोट कापणारी मी, आता माझ्या पात्यांना दिवसभर गोंद! सुरुवातीला मला इतकी शिसारी आली. पण दिवसाला वीस माणसं येतात, वीस दुखणी येतात, आणि मी दिवसभर चालते, डाव्या हातात.

इथे आलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एकच वाक्य असतं: चालतंय तोवर चालू दिलं. मित्रांनो, तसं चालू देऊ नका. काम करताना रोज एकाच जागी दुखत असेल, तर त्याला मेहनत समजून मिरवू नका. हाताला विश्रांती द्या आणि हत्याराकडेही बघा. वडीलधाऱ्यांची वस्तू जपायची म्हणजे ती हाताला बोचली तरी धरून ठेवायची, असं नाही. दुसऱ्याच्या हातात देऊन बघा, विचारा, भांडा हवं तर. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, आणि सुखात असलो की आम्ही बोलायचं टाळतोही. हे मी माझ्याच लाजेवरून सांगते.

परवा ताई शेवटची तपासणी करून घ्यायला आली होती. बाईंनी तिचा अंगठा मिटवला, मूठ वाकवली, इकडून तिकडून दाबलं. ताईच्या चेहऱ्यावर काही नाही. मी टेबलावरच होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. आता बघेल, आता उचलेल, असं मला सारखं वाटत होतं.

"झालं?" तिनं विचारलं. "टेबलावर कापड पसरून आलेय मी."

ती उठली, उजव्या हातानं दार उघडलं आणि भरभर निघून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढ्यात बाईंनी मला उचललं, पुढचा माणूस पलंगावर येऊन बसला होता.